मधे खरी भिंत असावी

रॉबिनवेल, ३ सप्टेंबर

पेसीआक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र दिवसभर टेबलावर तसंच ठेवाल, हे मला ठाऊक आहे. मीही तुमचे सतरा फोन तसेच वाजू दिले, तेव्हा फिटंफाट झाली म्हणा. फोनवर तुम्हाला नाही म्हणता येत नाही. कागदावरही येत नाहीच, पण कागद मधेच "ऐकतोयस ना?" असं विचारत नाही.

कळवायचं ते एवढंच. या महिन्याच्या शेवटी शाळांना सुट्टी आहे. सुली आणि सैमोनेला घेऊन मी मेलबर्नला येतोय, दोन रात्रींसाठी. तुमच्याकडे उतरणार नाही. कुठेतरी मोटेल बघतोय.

हे वाक्य लिहून मी उठलो, चहा केला, परत येऊन बसलो. वाक्य तिथेच आहे. सख्ख्या बहिणीचं घर शहरात असताना भाऊ पोरं घेऊन मोटेलात उतरला, असं आपल्या घराण्यात मी तरी ऐकलेलं नाही. आपले टोंगाचे लोक कुठेही दिसतात, कुणीतरी माझी व्हॅन ओळखणारच. मग चर्चमध्ये तुम्हाला कुणी म्हणेल, "हालोती येऊन गेला म्हणे," आणि तुम्हाला पत्ताच नसेल. तसं होऊ नये म्हणून आधी लिहितोय.

कारण विचाराल. तुमच्या अंगणात गाडी लावायला जागा नसते. घरात आधीच माणसं भरपूर. सैमोनेला मांजराच्या केसांनी शिंका येतात. आणि मुख्य म्हणजे लेसिएलीने गेल्या वर्षीच या सहलीची तयारी करून ठेवली होती. राहायची जागा कशी हवी याची यादी तिच्या पाककृतींच्या वहीत शेवटच्या पानावर सापडली. ती मी पाळतोय.

यादी अशी आहे. दोन खोल्या, मधे खरी भिंत असावी. एक शेगडी, कारण सैमोने बाहेरचं खात नाही. न्हाणीघरात टब, कारण पोरांनी टब फक्त टीव्हीवर पाहिलाय. गाडीला जागा. ट्राम चालत जाण्याइतकी जवळ. खिडकीतून काहीतरी दिसावं. सातवीही एक ओळ आहे, पण ती पेन्सिलीने लिहिलीय आणि पुसट झालीय, नीट लागत नाही.

तिला जाऊन सात महिने झाले. लोक विचारतात, कसा आहेस. मी बरा आहे. मला काहीच वाटत नाही. ही तक्रार नव्हे. दातांचा डॉक्टर सुई टोचतो आणि गाल दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा होतो, तसं आहे. मळ्यावर द्राक्षांच्या वेली बांधतो, डबे भरतो, पोरांचे शर्ट धुतो. स्वतःचे काळे कपडे मळलेले दिसत नाहीत, तेवढीच सोय.

तुमचा
हालोती


रॉबिनवेल, ११ सप्टेंबर

पेसीआक्का,

तुमचं उत्तर नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं.

रोज कामावरून आलो की हात धुऊन फोन घेऊन बसतो. मेलबर्नमधल्या मोटेलांची एक गंमत सांगतो. सगळ्यांकडे 'फॅमिली रूम' आहे. एकच मोठी खोली, त्यात एक डबल पलंग आणि बाजूला दोन-तीन सिंगल, जणू हॉस्पिटलचा वॉर्ड. कुटुंब म्हणजे एका खोलीत कोंबायची वस्तू, असं या लोकांचं मत दिसतं. काल एका बाईशी बोललो. आवाज गोड होता.

"दोन मुलं ना सर? मग आमची फॅमिली रूम अगदी बरोबर आहे."

"मला दोन खोल्या हव्यात. मुलगी चौदाची आहे, मुलगा अकराचा."

"पण ते भाऊ-बहीणच आहेत ना?"

"म्हणूनच तर," मी म्हटलं.

  वयात येणारी भावंडं एका खोलीत झोपत नाहीत, यात समजावण्यासारखं काय आहे, तेच मला कळेना. शेवटी ती म्हणाली, "भांडतात का फार?" मी हो म्हटलं. ते सोपं पडलं.

ती दोघं भांडत नाहीत, आक्का. कधीच नाही. टीव्हीवर कुणी कुणाचा मुका घेतला की सैमोने उठतो आणि मागच्या पायरीवर जाऊन बसतो. सुलीच्या खोलीचं दार उघडं असलं तरी तो उंबऱ्याबाहेरून हाक मारतो. त्याला हे कुणी शिकवलं, लेसिएलीने की मी, आता आठवत नाही. रॉबिनवेलच्या शाळेतली पोरं त्याला हसतात. तो तरीही पायरीवरच बसतो. त्याला घेऊन मी वॉर्डात कसा झोपू?

कोफेला सांगितलं. तो आता आमच्या मळ्यावर मुकादम झालाय, पण जीभ तशीच आहे.

"पेसीच्या घरापासून वीस मिनिटांवर मोटेल घेणार?" तो म्हणाला. "त्यापेक्षा तिच्या दारातच तंबू ठोक आणि वर पाटी लाव, आमचं भांडण आहे म्हणून."

"भांडण नाहीये."

"मग काय आहे?"

"यादी आहे."

"शाब्बास. बायको गेली तरी हुकूम तिचाच."

आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसलो. तोंडाला सवय असते.

आता ज्या गोष्टीसाठी तुम्ही सतरा फोन केलेत, ती. मातीनंतरच्या तिसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही म्हणालात, "सुलीला मला दे. पोर वयात येतेय, घरात बाई नाही. मी तिला शहरातल्या शाळेत घालते." मी खाली बघत उभा राहिलो. तुम्ही त्याला होकार समजलात, आणि यात तुमची चूक नाही. भाऊ खाली बघत उभा राहिला की तो होकारच असतो.

आत्याने मागितलं की भावाने द्यायचं. हे मला कुणी सांगावं लागत नाही. आपल्या आत्याने बाबांचा घोडा मागितला, तो दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभा होता. मग तिने आपला भाऊ फेआओ मागितला. चार वर्षांचा होता. तोही गेला, दुसऱ्या बेटावर. वीस वर्षांनी बंदरावर भेटला तेव्हा मी त्याला मिठी मारायला गेलो आणि त्याने हात पुढे केला, हस्तांदोलनाला. तुम्ही तिथेच होतात. तुम्हीही पाहिलंत.

म्हणून मोटेल बघतोय. तुमच्या घरात पाऊल टाकलं, तुमचं जेवलो आणि तुम्ही परत एकदा मागितलंत, तर मी परत खाली बघेन. आणि व्हॅनमध्ये येताना तिघं असू, जाताना दोघं.

तुमचा
हालोती


रॉबिनवेल, २० सप्टेंबर

पेसीआक्का,

जागा मिळाली. शहराच्या उत्तरेला, ट्रामच्या फाट्यावर. नाव लिहीत नाही. 'फॅमिली स्वीट, दोन झोपण्याच्या जागा' असं लिहिलंय. फोटोत मधे भिंत दिसते. शेगडी आहे, टब आहे, गाडीला जागा आहे. बाकी सगळं शहर भरलंय, कारण त्याच शनिवारी फुटबॉलची अंतिम मॅच आहे. हे मला माहीत असायला हवं होतं. लेसिएलीला माहीत असतं.

गुरुवारी येऊ, शनिवारी संध्याकाळी निघू. रविवारी थांबलो तर चर्चला जावं लागेल, आणि चर्चला गेलो तर तुम्ही तिसऱ्या बाकावर असाल. देवाला चुकवून पळणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, आता आरशात बघतो.

सुलीने विचारलं, "आत्याकडे का नाही?"

"गाडी लावायला जागा नसते."

"आत्याच्या अंगणात तीन गाड्या मावतात. एक तर वर्षानुवर्षं बंद पडलीय, ती ढकलली की चौथी मावते."

"सैमोनेला मांजराचा त्रास होतो."

"मांजर मेलं ना, बाबा. गेल्या नाताळात."

मग ती डबे धुवायला गेली. ती हल्ली मला अर्ध्यातच सोडून देते, आईची सवय.

तुम्ही सुलीबद्दल म्हणालात ते खरं आहे, हेही लिहून टाकतो. महिन्यातून काही दिवस ती दार लावून बसते. तिला दुकानातून काही आणायचं असतं, ते ती मला सांगत नाही, मीही विचारत नाही. कोफेच्या बायकोकडे जाऊन येते आणि पिशवी शर्टाखाली धरून घरात शिरते. मी तेव्हा बादलीत काहीतरी शोधत असतो. बादलीत काही नसतं. बापाने काय करायचं असतं, आक्का? हे विचारायला मला तुमच्याशिवाय कुणी नाही, आणि हेच तुम्हाला विचारायचं नसतं.

ती गेली तर घर नीट चालेल, हे मला कळतं. तिच्यासाठी शहर चांगलं, हेही कळतं. पण सकाळी ती सैमोनेच्या डब्याची झाकणं लावते तेव्हा दोन टक् असे आवाज होतात. आमच्या घरात सकाळी तेवढाच आवाज असतो.

हे पत्र टाकू की नको, ठरलेलं नाही.

हालोती


रॉबिनवेल, १ ऑक्टोबर

पेसीआक्का,

सगळं तुमच्यासमोरच घडलं, तरी लिहितो. तुमच्यासमोर मी बोललो नाही, आणि काही गोष्टी तुम्ही यायच्या आधीच्या आहेत.

गुरुवारी दुपारी पोहोचलो. दार उघडलं आणि सुली म्हणाली, "बाबा, भिंत कुठाय?"

फोटोत दिसली ती भिंत नव्हती, फळ्यांचं कपाट होतं. दोन्ही बाजूंनी उघडं. फळीवर एक फुलदाणी, आणि मधे टीव्ही, दोन्हीकडे फिरणारा. सैमोनेने पलीकडून हात घालून फुलदाणी हलवून दाखवली. सुलीने वही काढली आणि पहिल्या ओळीपुढे फुली मारली. वही तिने बरोबर आणली होती, मला न विचारता.

मी खाली गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "पार्टिशन आहे ना सर, छतापर्यंत आहे." दुसरी खोली मागितली तर त्याने हात पसरले. मॅच. मी त्याच्याशी भांडलो नाही. भांडायला आतून काहीतरी यावं लागतं.

म्हणून खोली सुलीला दिली. मी आणि सैमोने व्हॅनमध्ये झोपलो, खाली गाड्यांच्या रांगेत. त्याआधी सैमोने तासभर टबात बसून आला होता, पाणी गार झालं तरी. बोटं सुरकुतली होती. "आई असती तर कुठे झोपली असती?" त्याने विचारलं. मी म्हटलं, वर, सुलीजवळ. तो म्हणाला, "मग आपण इथेच." तेवढ्याने त्याचं समाधान झालं.

शुक्रवारी सकाळी सुलीने तुम्हाला फोन केला. मला तिने तो नंतर सांगितला, केस विंचरता विंचरता. "बाबा, मी आत्याला पत्ता दिला. तुम्ही गाडीत झोपलात, हे मला बघवलं नाही. वरून खिडकीतून तेच दिसतं."

सहावी ओळ. खिडकीतून काहीतरी दिसावं.

मी तिला रागावलो नाही. खाली येऊन गाडीपाशी उभा राहिलो आणि तुमची वाट बघितली. मनात म्हटलं, आता झालं. याहून मोठा पुरावा कुठला हवा? बाप पोरं घेऊन शहरात येतो आणि त्यांना झोपायला भिंतसुद्धा देऊ शकत नाही. तुम्ही काही बोलायचीही गरज नव्हती. मीच सुलीची बॅग उचलून तुमच्या डिकीत ठेवली असती.

तुम्ही आलात त्या मोठं पातेलं घेऊन, फडक्यात बांधलेलं. माझ्याकडे न बघता म्हणालात, "धर. सांडू नकोस." सात महिन्यांनंतरचे ते पहिले शब्द. खोलीत शिरलात, कपाट बघितलंत, एका फळीतून हात आरपार घातलात, फुलदाणी काढून जमिनीवर ठेवलीत. "हे काय, खुराडं?" एवढंच. मग सैमोनेला घेऊन परत गाडीकडे गेलात.

तुम्ही नगातू आणाल असं मला वाटलं नव्हतं. आईच्या मैताला आलेलं, तुमच्या गादीखाली वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेलं, साली कुटून केलेलं ते कापड. लग्न-मैताशिवाय तुम्ही ते उलगडत नाही. तुम्ही खुर्चीवर चढलात. सैमोनेने एक टोक धरलं, सुलीने दुसरं, आणि तुम्ही ते कपाटावरून दोन्ही बाजूंनी सोडलंत, जमिनीपर्यंत. टीव्ही, फळ्या, सगळं आत गेलं. खोलीत गावच्या घराचा वास आला. सैमोनेने पलीकडून विचारलं, "सुली, मी दिसतोय?" ती म्हणाली, "नाही." "मग ठीक."

मी दारात उभा होतो. मला अपेक्षा होती, तुम्ही म्हणाल, चला, गाडीत बसा, घरी चला. तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही माझ्या मोटेलाला भिंत घातलीत. याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही, घरी परत येताना अर्ध्या वाटेवर लागला: तुम्ही कुणाला न्यायला आला नव्हतात.

जेवलो. अळूची पानं तुमच्याइतकी मऊ कुणाची होत नाहीत. सैमोनेने तीन वेळा घेतलं, आणि तो बाहेरचं खात नाही.

वही ओट्यावर उघडीच होती, नळाशेजारी. सुली खुणा करत होती ना, तिनेच ठेवली होती. तुम्ही ताटल्या गोळा करायला वाकलात, तेव्हा सुली म्हणाली, "आत्या, राहू द्या, मी करते," आणि तुम्ही वहीकडे बघितलंत. बराच वेळ बघितलंत. एवढ्या वेळात सात ओळी तीनदा वाचून होतात.

सातवी ओळ पुसट नाही. पेन्सिलीने आहे, पण चांगली दाबून लिहिलीय. मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं. 'जिथे मला कुणी भांडी घासायला सांगणार नाही.'

चौदा वर्षं, आक्का. मेलबर्नला आलो की लेसिएली तुमच्या घरात दारातून थेट मोरीपाशी जायची. भावाची बायको, तिची जागा तिथेच. कुणी वाईट वागलं नाही, मीही नाही, तुम्हीही नाही. तुम्ही तिला चांगले कपडे दिलेत, आजारपणात दोनदा एवढ्या लांब आलात. पण शहर म्हणजे तिच्यासाठी एक खिडकी नसलेली मोरी होती, आणि बाहेरच्या खोलीत आपण हसत बसलेलो. तिने मला एकदाही सांगितलं नाही. मोटेलाचं का काढलंस, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "पोरांना टब बघू दे." मी म्हटलं, बरं. एवढंच बोललो आम्ही त्यावर.

तुम्ही नळ सोडलात. बाह्या वर केल्यात. सुली दचकून पुढे झाली, कारण आत्याने भावाच्या घरची उष्टी काढायची नसतात, हे तिलाही कळतं. तुम्ही तिला कोपराने मागे सारलंत. चार ताटल्या घासल्यात. मग कपाट उघडून मोटेलच्या कोऱ्या ताटल्या काढल्यात आणि त्याही घासल्यात. आठ होत्या, मी मोजल्या. मग पेले. मग चमचे. पाणी चालूच होतं आणि तुमची पाठ आमच्याकडे होती. सैमोने कापडापलीकडून विचारत होता, "काय चाललंय?" 

हात पुसून तुम्ही खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, "हालोती, मला एक मागायचंय."

मी फरशीकडे बघितलं. फरशी पांढरी होती, एका तुकड्याचा टवका उडालेला. फेब्रुवारीपासून मला काही वाटलं नव्हतं. त्या क्षणी वाटलं. भीती वाटली. सुलीच्या हातात फडकं होतं, ते तिने दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि ती माझ्याकडे बघत होती. तिलाही माहीत होतं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

"मागा," मी म्हटलं. दुसरं काही म्हणता येत नाही आपल्याला.

"ही वही मला दे."

मी दिली. इतक्या लगेच दिली की सुली हसली. तुम्ही ती पिशवीत घातलीत, पातेलं उचललंत, नगातू तसंच ठेवून गेलात. "शनिवारी सुलीकडून घडी घालून घे, नीट, चुरगाळू नकोस." गाडी वळेपर्यंत मला हायसं वाटत होतं. मग कळलं मी काय दिलं. लेसिएलीच्या हाताची तेवढीच वही होती घरात.

ती तुमच्याकडेच असू द्या. पण एकदा मला काहीतरी वाटायला लागलंय, तर ते पुन्हा सुन्न व्हायच्या आत लिहितो. तिसऱ्या दिवशी तुम्ही जे मागितलंत त्याचं उत्तर मी खाली बघून दिलं होतं. ते उत्तर नव्हतं. उत्तर हे आहे: नाही. सुली मी देणार नाही. शहाणपणाचं असलं तरी नाही. मला जमत नसलं तरी नाही. आपल्या घराण्यात भावाने बहिणीला हा शब्द लिहिलेला नसेल, तर हा पहिला.

तुम्ही आता रागावलात तर तो तुमचा हक्क आहे. नगातू घडी घालून कोरड्या जागी ठेवलंय.

तुमचा भाऊ
हालोती


रॉबिनवेल, १९ एप्रिल

पेसीआक्का,

सहा महिने तुम्ही लिहिलं नाहीत. पण दर महिन्याला सुलीच्या नावाने पोस्टाने एक खोका येतो, चिकटपट्टीने गच्च बांधलेला, वर तुमचं अक्षर: 'फक्त सुलीने उघडायचा'. ती तो घेऊन खोलीत जाते. मी आता बादलीत काही शोधत नाही. जिथे असतो तिथे उभा राहतो. परवा खोक्यात चिठ्ठी होती वाटतं, कारण ती आत एकटीच हसत होती.

फेब्रुवारीत वर्ष झालं. काळे कपडे उतरवले. निळा शर्ट घालून मळ्यावर गेलो तर कोफे म्हणाला, "कोण पाहिजे तुम्हाला? हालोती आज आला नाही." अजून सकाळी बराच वेळ काही वाटत नाही. दुपारपर्यंत थोडं वाटतं.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी पोरांचा सण. सैमोनेला यंदा तुमच्या चर्चमध्ये, सगळ्यांसमोर वचनं म्हणायची आहेत. असं तोच म्हणतो. पाठ झालीत, पायरीवर बसून केलीत. सुलीने पांढरा झगा शिवायला घेतलाय. म्हणजे यावं लागणार, आणि रविवार चुकवता येणार नाही.

राहायच्या जागेचं मी बघायला बसलो होतो. फोन हातात घेतला आणि लक्षात आलं की यादी माझ्याकडे नाही.

कोफेची बायको नाताळात तुमच्याकडे येऊन गेली होती, तिने काल सांगितलं. इतके महिने पोटात ठेवलं होतं तिने, बोलू की नको म्हणून. म्हणाली, वही पेसीच्या फ्रिजवर आहे, शेवटचं पान उघडं, वर चुंबक लावलेलं. मागच्या खोलीत मधे भिंत घातलीय, विटांची, गिलावा ओला होता तेव्हा. न्हाणीत टब आलाय, जुना आहे, पण पाय शाबूत आहेत. बंद गाडी अंगणातून गेली. पहिल्या पाचांपुढे बरोबरच्या खुणा आहेत. सहाव्यापुढे काही नाही, कारण तुमच्या खिडकीतून शेजाऱ्याचं कुंपणच दिसतं. ते असू द्या.

आणि सातव्यापुढे, ती म्हणाली, खूण नाही. तिथे नाव लिहिलंय. पेसी.

हे ऐकून मी वेलींच्या रांगेत शिरलो आणि टोकापर्यंत चालत गेलो. मग रडलो. लेसिएली गेल्यापासून पहिल्यांदा. कोफेला दिसलं असणार, काल दिवसभर त्याने एकही टोमणा मारला नाही.

आम्ही शुक्रवारी दुपारी पोहोचू. तिघं येऊ आणि सोमवारी तिघंच निघू, हे तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहितो. सुलीला विचारलं, कुठे उतरायचं? ती म्हणाली, "यादी जिथे आहे तिथे."

नगातू घेऊन येतोय, चुरगाळलेलं नाही. एका मोरीपाशी आपल्या दोघांना उभं राहता येणार नाही, तेव्हा पाळ्या लावू. शुक्रवारची भांडी माझी.

हालोती